नवा संगणक घरी आला, पण त्यात मराठी कुठे आहे?



दिवाळीचा बोनस मिळाला, भिशी लागली किंवा मुलगी दहावी पास झाली की आपल्याकडे घरात संगणक येतो. येतो तो 'मुलांच्या अभ्यासासाठी' म्हणूनच. चाळीस-पन्नास हजार रुपये ही आपल्यासारख्यांना लहान रक्कम नाही. त्यामुळे खोकं उघडायच्या आधी त्याला हळद-कुंकू लागतं, नारळ फुटतो, शेजारी पेढे जातात. आणि मग बटण दाबल्यावर पुढचे दोन-तीन दिवस त्या घरात जे काही चालतं, त्याबद्दल कुणी बोलत नाही. बोलायची लाज वाटते. मला आज नेमकं त्याच दोन-तीन दिवसांबद्दल बोलायचं आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. नवा संगणक सुरू करताना जो वैताग येतो, तो तुमच्या अडाणीपणामुळे येत नाही. ती सगळी मांडणीच इंग्रजी सराईतपणे वाचणाऱ्या, घरात चोवीस तास वायफाय असणाऱ्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून केलेली असते. आणि या वैतागात आपण सगळ्यात आधी जी गोष्ट सोडून देतो ती म्हणजे मराठी. संगणक चालू झाला ना, यूट्यूब लागलं ना, मग मराठीचं नंतर बघू. ते 'नंतर' काही उगवत नाही. चार वर्षांनी त्याच घरातलं मूल सांगतं की मराठीत टाइप करायला जमत नाही, आणि आपण त्यालाच दोष देतो.

डी.एड.ला असताना आपण सगळ्यांनी अध्यापनाची सूत्रं घोकली आहेत. ज्ञाताकडून अज्ञाताकडे, सोप्याकडून कठीणाकडे, मूर्ताकडून अमूर्ताकडे. पाठ टाचणात ती लिहून लिहून हात दुखले. आता नवा संगणक पहिल्यांदा चालू केल्यावर पडद्यावर काय येतं ते आठवा. तुमचा देश कोणता, कीबोर्डची रचना कोणती, दुसरी रचना हवी का, इंटरनेट जोडा, खातं उघडा, पासवर्ड द्या, पिन द्या, अटी मान्य करा, तुमचं ठिकाण कळू द्यायचं का, तुम्ही काय टाइप करता त्याचा नमुना कंपनीला पाठवायचा का, जाहिराती तुमच्या आवडीनुसार दाखवायच्या का. अजून माणसाने एक अक्षरही लिहिलेलं नाही! पहिलीच्या मुलाला 'अ' दाखवायच्या आधी आपण त्याच्याकडून चाळीस पानी करारावर सही घेत नाही. इथे मात्र सगळ्यात अवघड प्रश्न सगळ्यात आधी, आणि तेही अशा भाषेत की 'नेक्स्ट' एवढंच बटण ओळखीचं वाटावं. मग माणूस 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत सुटतो. यात त्याची काय चूक?

त्या यादीतला एक प्रश्न पुन्हा बघा. दुसरी कीबोर्ड रचना हवी का? तिथे 'स्किप' असं बटण असतं आणि सगळे तेच दाबतात. दुकानातला मुलगा तर वाचतसुद्धा नाही. पण तिथेच 'ॲड लेआउट' दाबून यादीतून मराठी निवडता येते. म्हणजे मराठी अगदी उंबरठ्यावर उभी असते आणि आपण तिला 'ये' म्हणत नाही.

इंटरनेटचं थोडक्यात सांगते. विंडोज ११ च्या होम आवृत्तीत पहिल्या मांडणीतच इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्टचं खातं मागितलं जातं. शहरात वायफाय असतं. गावाकडे मोबाइलचा हॉटस्पॉट, आणि त्यात दिवसाला दीड-दोन जीबी. संगणक जोडला रे जोडला की अपडेट उतरायला लागतात आणि दुपारपर्यंत डेटा संपल्याचा मेसेज येतो. त्यावर उपाय आहे. वायफायच्या सेटिंगमध्ये त्या हॉटस्पॉटच्या नावावर जाऊन 'मीटर्ड कनेक्शन' चालू करायचं. मग बरेचसे मोठे अपडेट थांबून राहतात आणि ज्या दिवशी कुणाकडे वायफाय मिळेल त्या दिवशी उतरवता येतात. अपडेट अजिबात करू नका असं मी म्हणत नाही. सुरक्षेसाठी ते लागतात. फक्त कधी करायचे ते आपण ठरवायचं.

खात्याबद्दल मात्र जरा सविस्तर बोलायला हवं, कारण इथे खरं नुकसान होतं.

मागच्या वर्षी चौथीतल्या एका मुलीची आई शाळा सुटल्यावर लॅपटॉप पिशवीत घालून घेऊन आली. शिवणकाम करते. "मॅडम, तुमचं एमएस-सीआयटी झालंय ना, जरा बघा की हे." पडदा निळा, आणि त्यावर इंग्रजीत ४८ अंकी रिकव्हरी की मागितलेली. त्यांना वाटत होतं पासवर्ड विसरला. तसं नव्हतं. हल्लीच्या बऱ्याच नव्या विंडोज लॅपटॉपवर आतली माहिती आपोआप कुलूपबंद होते. लॅपटॉप चोरीला गेला तर चोराला काही वाचता येऊ नये, हा त्यामागचा हेतू, आणि तो चांगलाच आहे. त्या कुलपाची किल्ली म्हणजे हे ४८ अंक, आणि ती किल्ली ज्या खात्याने संगणक सुरू केला त्या खात्यात जाऊन बसते. एखादा मोठा अपडेट झाला किंवा आतला भाग बदलला की संगणक कधी कधी ती किल्ली मागतो. आता या ताईंच्या लॅपटॉपवर खातं कुणाचं? दुकानातल्या मुलाचं. गिऱ्हाइकाला ईमेल विचारत बसण्यापेक्षा त्याने आपलाच टाकला होता. तो मुलगा नोकरी सोडून गेला होता आणि दुकानदाराचं म्हणणं, "सगळं पुसून परत टाकून देतो, पाचशे रुपये होतील."

त्यात त्यांची दोन महिन्यांची गिऱ्हाइकांची मापं होती. मुलीचे शाळेतल्या स्नेहसंमेलनाचे फोटो होते. सगळं गेलं. आणि ताई मला काय म्हणाल्या माहितेय? "मला आधीच वाटलं होतं मॅडम, हे आपलं काम नाही." शेजारी उभी असलेली लेक लगेच म्हणाली, "आईला काहीच कळत नाही."

मला राग आला तो याचा. चूक दुकानाची, आणि शिक्का बसला आईवर. तोही तिच्याच मुलीकडून.

म्हणून पालकहो, दुकानातून संगणक तयार करून आणू नका. बंद खोकं आणा. किंवा दुकानातच करायचा असेल तर शेजारी बसा, आणि खातं तुमच्या स्वतःच्या ईमेलने, तुमच्या मोबाइल नंबरावर उघडायला लावा. मुलाच्या नावाने नको. मोठ्या माणसाचं खातं मुख्य आणि मुलाचं वेगळं, त्याखाली. नंतर त्याच खात्यात जाऊन ती रिकव्हरी की बघा आणि वहीत लिहून ठेवा. हो, कागदाच्या वहीत, रेशनकार्ड असतं त्या पिशवीत. ती संगणकातच सेव्ह करून ठेवणं म्हणजे घराची किल्ली घरात ठेवून कुलूप लावण्यासारखं आहे.

त्या होय-नाहीच्या बटणांचं म्हणाल तर ती बहुतेक आधीच 'होय'वर असतात. ठिकाण, जाहिराती, टायपिंगचे नमुने. मूल वापरणार असेल तर मी ती सरळ 'नाही' करते. संगणकाचं काहीही अडत नाही.

आता फुकट मिळालेल्या वस्तूंकडे वळू. नव्या संगणकात वर्ड, एक्सेल दिसतात आणि आपण खूश होतो. बऱ्याचदा ते महिनाभराच्या चाचणीपुरतं असतं. महिना संपला की जुनी फाइल उघडते, वाचता येते, पण त्यात बदल करता येत नाही. नेमकी प्रश्नपत्रिका करायच्या रात्री हे लक्षात येतं. काही मॉडेलबरोबर मात्र कायमचा परवाना खरोखर मिळतो. म्हणून बिलावर काय लिहिलंय ते दुकानातच विचारा. नसेल तर दुकानदार हळूच म्हणतो, "टाकून देतो की, तीनशे रुपयांत." ते चोरीचं सॉफ्टवेअर असतं. त्यासाठी आधी संगणकाचं संरक्षण बंद करावं लागतं, आणि ते एकदा बंद केलं की कोण आत शिरलं ते कळत नाही. आपण वर्गात मूल्यशिक्षणाचा तास घेतो, तेव्हा हे आपल्या घरात नको एवढं तरी म्हणू या. लिबरऑफिस पूर्ण मोफत आहे, कायदेशीर आहे, शाळेची सगळी कामं त्यात होतात, आणि त्याचे मेनू मराठीतसुद्धा करून घेता येतात. वर्डची फाइल त्यात उघडली की कधी कधी तक्ता जरा हलतो, हे खरं आहे. तेवढं सहन करायला माझी हरकत नाही.

अँटिव्हायरसचं तसंच. महिनाभर फुकट, मग रोज लाल रंगाचा इशारा: तुमचा संगणक धोक्यात आहे! आजी-आजोबा घाबरून पैसे भरतात. विंडोजमध्ये स्वतःचा डिफेंडर असतो, घरच्या वापराला तो पुरतो. चाचणीवाला काढून टाकला की डिफेंडर आपोआप कामाला लागतो.

आता मराठी.

आपल्या शाळांमधली परिस्थिती तुम्हाला ठाऊक आहे. जुन्या प्रश्नपत्रिका, निकालपत्रकं, स्नेहसंमेलनाची सूत्रसंचालनं, सगळं कुठल्या ना कुठल्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेलं. कृतीदेव, शिवाजी, श्रीलिपी. पेन ड्राइव्ह नव्या संगणकाला लावला की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. मग आपण म्हणतो, फाइल खराब झाली. फाइल धडधाकट असते. झालेलं असं असतं की त्या जुन्या फॉन्टमध्ये संगणकाच्या लेखी अक्षर इंग्रजीच होतं, फक्त त्याचं चित्र मराठीचं काढलेलं होतं. इंग्रजी अक्षराला मराठीचा मुखवटा म्हणा. फॉन्ट गेला की मुखवटा गळून पडतो.

युनिकोडमध्ये तसं नाही. तिथे आपल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. 'क'चा २३२५, 'ळ'चा २३५५. वर्गातल्या हजेरीपटासारखं. गणवेश कोणताही घालू दे, हजेरी क्रमांक बदलत नाही. त्यामुळे युनिकोडमध्ये लिहिलेली मराठी मोबाइलवर, व्हॉट्सॲपवर, कुठल्याही संगणकावर मराठीच दिसते, आणि शोधायला गेलं तर सापडते. म्हणून कुणी दुकानदार 'मराठी फॉन्टची सीडी टाकून देतो' म्हणाला तर नको म्हणा. जुन्या फाइली युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं मिळतात, फक्त बदलल्यावर जोडाक्षरं आणि रफार एकदा डोळ्यांखालून घाला.

नव्या संगणकावर मराठी आधीपासून असतेच, विकत घ्यावी लागत नाही. सेटिंग्जमध्ये 'टाइम अँड लँग्वेज', त्यात 'लँग्वेज अँड रीजन', तिथे 'ॲड अ लँग्वेज', आणि यादीतून मराठी. पाच मिनिटांचं काम. एक बारीक गोष्ट: शाळेतून आलेली मंगल फॉन्टमधली फाइल नव्या संगणकावर जरा वेगळी दिसली तर घाबरू नका. नव्या विंडोजमध्ये मंगल सुरुवातीला नसतो, निर्मला असतो. मराठी भाषा जोडली की मंगल सहसा आपोआप उतरतो, नाहीतर 'ऑप्शनल फीचर्स'मध्ये देवनागरीच्या जादा फॉन्टमध्ये मिळतो. मग विंडोजची खूण असलेलं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबलं की इंग्रजीतून मराठीत, परत दाबलं की मराठीतून इंग्रजीत.

आता कीबोर्ड कोणता ठेवायचा? दोन पर्याय दिसतात. एक इनस्क्रिप्ट, आणि एक फोनेटिक, म्हणजे इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहायचा. हा दुसरा २०१९ च्या विंडोज १० अपडेटपासून आत आला. मोठ्यांना फोनेटिक पटकन जमतो, कारण आपण मोबाइलवर तसंच लिहितो. तुम्हाला सोयीचा असेल तर खुशाल वापरा, मी कुणाला अडवत नाही. पण मुलांना इनस्क्रिप्टच शिकवावा, असं माझं ठाम मत आहे. त्याचं कारण वर्गात सापडलं.

मी कार्डशीटवर इनस्क्रिप्टचा कीबोर्ड काढून फळ्याशेजारी लावला होता. स्वर आणि त्यांच्या खुणा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. चौथीतल्या मुलांना एवढंच सांगितलं की 'क'च्या बटणावर 'ख' लपलाय, शोधा. शोधला. शिफ्ट दाबलं की 'ख'. मग 'ग'वर 'घ', 'त'वर 'थ', 'प'वर 'फ', 'ब'वर 'भ'. एक मुलगा ओरडला, "मॅडम, शिफ्ट दाबलं की अक्षराला ह चिकटतो!" महाप्राण हा शब्द त्याला माहीत असायचं कारण नाही, पण महाप्राण त्याला कळला होता. मग 'ल'वर शिफ्ट दाबलं तर 'ल्ह' येईल असा त्यांचा अंदाज. आला 'ळ'. वर्गात हशा. ती जागा आता कुणी विसरणार नाही.

सांगायचं म्हणजे हा कीबोर्ड आपल्या वर्णमालेच्या अंगाने केलेला आहे. १९८६ मध्ये तो आपल्याच देशात भारतीय भाषांसाठी ठरवला गेला. हिंदी, गुजराती, कन्नड, सगळ्यांना जवळपास त्याच जागा. ज्या मुलाला क-ख-ग-घ येतं त्याला निम्मा कीबोर्ड आधीच येतो. हेच ज्ञाताकडून अज्ञाताकडे. उलट फोनेटिकवर 'बाळ' लिहायचं तर आधी त्याचं इंग्रजी स्पेलिंग मनात आणायचं, मग 'ल' की 'ळ', 'न' की 'ण' यासाठी लहान-मोठी लिपी आठवायची किंवा खाली आलेल्या यादीतून शब्द निवडायचा. नऊ वर्षांच्या मराठी मुलाने मराठी लिहायला इंग्रजीच्या दारातून का जावं?

यावर आमच्या केंद्रातल्या एका सरांचा आक्षेप आहे, आणि तो अगदीच चुकीचा नाही. ते म्हणतात, "आता बोललं की टाइप होतं. कशाला बोटं शिणवता?" गूगलवर मराठी बोलून लिहायची सोय २०१७ पासून आहे आणि आज ती खूप सुधारली आहे. मीसुद्धा लांबलचक अहवाल बोलूनच लिहिते. युडायसची माहिती भरून, पोषण आहाराच्या नोंदी करून संध्याकाळी हातात बळ उरतं कुणाच्या? पण माझ्यासारखीला ऱ्हस्व-दीर्घ आधीच येतं. यंत्राने 'पाणि' लिहिलं तर माझा डोळा अडतो. मुलाचा डोळा अजून तयार व्हायचा आहे. तो अक्षर अक्षर मांडल्यानेच तयार होतो, मग ती पाटी असो की कीबोर्ड. 'दुसऱ्या' हा शब्द टंकताना 'र' पुरत नाही, शिफ्ट दाबून वेगळा 'ऱ' घ्यावा लागतो, हे एकदा हाताने केलं की 'दुसर्‍या'तला तो 'र' वहीतही नीट येतो.

काही पालक म्हणतील, मूल सेमी-इंग्रजीला आहे, कशाला एवढा मराठीचा अट्टहास? अहो, पण घरी संगणकावर मराठी असली तर ती फक्त मुलाला उपयोगी पडत नाही. त्या शिवणकामवाल्या ताई मोबाइलवर मराठीत भराभर मेसेज लिहितात. त्यांच्या लॅपटॉपवर मराठी असती तर गिऱ्हाइकांची मापं त्यांनी स्वतः लिहिली असती. ती लेकीने लिहिली होती, इंग्रजी अक्षरांत, आणि आईला ती वाचायला लेकीला हाक मारावी लागत होती. घरात संगणक आला आणि आई त्या घरात परावलंबी झाली. मला वाटतं, मुलाच्या डोळ्यांतून आईची किंमत उतरायला एवढं पुरतं.

नंतर त्यांचा लॅपटॉप आम्ही शाळेत बसूनच परत सुरू केला. खातं त्यांच्या नंबरावर. माउस त्यांच्या हातात, मी शेजारी. दोन तास लागले, मध्ये एकदा लाइट गेली, हॉटस्पॉट दोनदा तुटला. 'स्किप'च्या जागी मराठी निवडली तेव्हा त्यांनी मला विचारलं, "हे आधीपासून होतं यात?"

जूनच्या पहिल्या पालकसभेत मी यासाठी अर्धा तास मागून घेतला आहे. मुख्याध्यापकांनी हो म्हटलंय. शाळेचा एकच लॅपटॉप आहे, तो मध्ये ठेवणार आणि एखाद्या आईलाच त्याच्यासमोर बसवणार. खातं कुणाचं ते बघायचं, ४८ अंक कुठे सापडतात ते दाखवायचं, मराठी जोडायची, आणि शेवटी प्रत्येकीने स्वतःचं आणि मुलाचं नाव टंकून बघायचं. कार्डशीटवरचा कीबोर्ड चौथीची मुलंच समजावून सांगणार आहेत. तुमच्या शाळेत प्रोजेक्टर असेल तर आमच्यापेक्षा सोपं जाईल.